दिनेशचा आवाज

नाशिकच्या एका कॉलेजात सायबर जागृतीचं प्रदर्शन भरणार होतं. निकिता स्टुलावर चढून भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर चिठ्ठ्या लावत होती... कोणत्या देशात कसली फसवणूक जास्त चालते त्याच्या.

"मॅडम, अमेरिकेची चिठ्ठी चुकली."

तिनं वळून खाली पाहिलं. सावळा, हडकुळा तरुण. पण डोळे असे की बाईसाहेब स्टुलावरून पडता पडता राहिल्या.

"तुम्हाला बरंच कळतं!"

"तिकडं कॉम्प्युटरात व्हायरस शिरला म्हणून भीती घालायची. सिंगापूरच्या माणसाला प्रेमात पाडायचं. आन् आपल्याकडं पोलिसाचं नाव घेतलं की बास, माणूस जागचा हलत नाय."

"आणि नाशिकच्या मुलींना काय?"

"ते अजून शिकतोय..." तो हसला.

हा पेठ तालुक्यातला दिनेश, प्रदर्शनातला पाहुणा वक्ता. नोकरीच्या आशेनं थायलंडला गेला आणि म्यानमारच्या हद्दीतल्या फसवणुकीच्या अड्ड्यावर तारेच्या कुंपणाआड अडकला. तिथं मार खात त्यानं जगभर खोटे फोन केले. सुटून आल्यापासून तो लोकांना सावध करत हिंडायचा. हे सगळं ऐकूनही निकिता त्याच्या प्रेमात पडली, अगदी आकंठ.

सोमेश्वरच्या धबधब्यापाशी त्यानं तिच्या गालावरचे तुषार बोटानं टिपले. "लग्न करशील माझ्याशी?"

"करीन. पण... आईचं सांगायचं राहिलंय. तिला एका खोट्या पोलिसानं व्हिडिओ कॉलवर अटक करून ठेवलं होतं. त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. तेव्हापासून ती उंबरा ओलांडत नाही."

दिनेशचा चेहरा उतरला. "मराठीत बोलत होता?"

"हो."

"आमच्याकडं मराठी फोन मीच करायचो."

"आईला तूच—?"

"नावं आठवत नायत, निकिता. असंलही."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. "तू आईसमोर बोलूच नकोस. मी सांभाळून घेईन."

"जन्मभर तुझ्या घरात मुका राहू? त्यांना आवाज ऐकू दे माझा. तो मी नसलो, तर सुटलो."

दुसऱ्या दिवशी तो निकिताच्या दारात उभा राहिला. तिची आई कमळाबाई खाटेवर शेंगा सोलत होत्या.

"नमस्कार, कमळाबाई."

शेंगा जमिनीवर सांडल्या. आई उठली, पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"साहेब, मी कुठंच गेले नाही. कुणालाच सांगितलं नाही."

दिनेश तिथंच गुडघ्यांवर बसला. "आई, मी साहेब नाय. पोलीसही नाय. मीच चोर होतो. तुम्हाला कुणी धरलेलं नाय, आई... खरंच नाय."

कमळाबाईंनी लेकीकडं पाहिलं. "मग मी बाहेर जाऊ?"

"जा, आई," निकिता म्हणाली. आई दिनेशला वळसा घालून हळूहळू अंगणात उतरली आणि उन्हात उभी राहिली.

निकितानं दिनेशकडं पाहिलं. इतकं प्रेम तिला त्याच्याबद्दल कधीच वाटलं नव्हतं.

"आता तू जा," ती म्हणाली. "आणि पुन्हा येऊ नकोस."