कारभाऱ्याचं बिऱ्हाड

खर्डीच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्णवाहिकेसाठी फोन केला की आता माणूस उचलत नसे, कारभारी उचलायचा. कारभारी म्हणजे स्वतः निर्णय घेऊन कामं उरकणारी संगणकाची आज्ञावली. तो पावरी बोलीत धीर द्यायचा आणि सातपुड्यातल्या कोणत्या पाड्यावर कोणत्या वाटेनं गाडी धाडायची ते ठरवायचा. चालकांचं ऐकून ऐकून दोन वर्षांत त्याला नाला न् नाला पाठ झाला होता.

आधी तो रुग्णालयातल्याच यंत्रावर चालायचा. मे महिन्यात ते यंत्र तापून नऊ तास बंद पडलं. साप चावलेला एक म्हातारा गाडीची वाट बघता बघता गेला. तेव्हा अधीक्षक डॉ. वत्सला पाडवींनी कारभाऱ्याला तो बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रांवर, हैदराबादला हलवायचं ठरवलं.

"मॅडम, इथं तो आपल्या ताब्यात आहे. तिकडं गेला की कंपनी त्याला कधीही बदलेल," तंत्रज्ञ यज्ञेश भामरे म्हणाला होता.

"आणि इथं पुन्हा बंद पडला तर? त्या म्हाताऱ्याच्या घरी सांगायला मी गेले होते, यज्ञेश."

पाडवी बाईंनी कंपनीच्या करारावर सही केली.

ऑगस्टपर्यंत सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी सकाळी कंपनीनं जुना कारभारी काढून जास्त हुशार असा नवा बसवला. कळवलं ते दुपारी. तोवर एका पाड्यावरची जमुना वसावे बाळंतपणात अडल्याचा फोन येऊन गेला होता. नव्यानं नकाशावरचा जवळचा रस्ता निवडला. चालकही बदलीवर आलेला, नवखा. त्या रस्त्यावरच्या ठेंगण्या फरशी पुलावरून छातीभर पाणी वाहत होतं. वळसा घालून गाडी पोचली तेव्हा जमुना गेली होती. पोटातलं बाळही.

"जुना परत द्या," बाईंनी कंपनीला सांगितलं.

"ती आवृत्ती आता शिल्लक नाही," पलीकडचा आवाज अदबीनं म्हणाला.

यज्ञेशनं साठवणखोलीत ठेवलेलं रुग्णालयाचं जुनं यंत्र सुरू केलं. करारानुसार ते पुसून कोरं केलेलं होतं.

संध्याकाळी जमुनाचा नवरा दित्या मृत्यूच्या नोंदीच्या कागदांवर अंगठा उठवायला आला. बाईंनी त्याच्यापासून काही लपवलं नाही.

"कारभारी बदलताना तुम्हाला विचारलं होतं, बाई?"

"नाही."



"मग गाडी त्या वाटेनं न्यायची, हे ठरवलं कोणी?"