मालगाडी कुणी थांबवली

या भूतलावर आजवर दोनच शक्ती अशा झाल्या, की ज्यांना कुणी अडवू शकलं नाही : एक काळ आणि दुसरा हार्लो बेंडचा रॉस्को पेटीवे. गावच्या वेशीवरच्या फलकावर हे ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याखाली गावाची लोकसंख्या दिली आहे. ती मात्र पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून दर दोन-चार वर्षांनी पुसून कमी करावी लागते. तर त्या रविवारी दुपारी एक वाजता हा अजिंक्य महापुरुष आपल्याच घरात एका राखाडी स्वेटरमध्ये अडकून उभा होता. डोकं बाहीत गेलं होतं.

"आत अंधार आहे," बाहीतून आवाज आला.

"हात वर कर, रॉस्को. तो नाही, दुसरा."

"दुसरा कुठाय?"

व्हर्डेलने चवड्यांवर उभं राहून बाही सोडवली. तिच्या बहात्तर वर्षांच्या नवऱ्याचं मोठं, पांढरं डोकं बाहेर आलं आणि तिच्याकडे बघून हसलं... आणि त्या निर्मळ हसण्याने ती धास्तावली. कारण अलीकडे असं हसू आलं की त्याच्या तोंडून पुढचं वाक्य खरं निघत असे, आणि उभ्या जन्मात तिला भीती होती ती त्या एका खऱ्याचीच.

"व्हर्डेल, त्या लोकांना आपण सांगितलं का गं? की थांबवलं तू नाहीस, मीच..."

"ते बोलायचं नाही. आज तर मुळीच नाही."

"बरं," तो समजुतीने म्हणाला. "काय बोलायचं नाही?"

अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर रॉस्कोचं काम एके काळी अगदी सोपं होतं. लांबुळका चेंडू काखेत मारायचा, मान खाली घालायची आणि समोरच्या अकरा धटिंगणांतून पलीकडे जायचं. बाकीचे खेळाडू त्या अकरा जणांना चुकवून जात. रॉस्को त्यांना बरोबर घेऊन जाई. म्हणून त्याचं नाव मालगाडी. कारखान्यातली माणसं भट्टीपुढे बारा-बारा तास भाजून निघत आणि रविवारी त्याला धावताना बघून सोमवारी पुन्हा माणसात येत.

आणि मग एकोणऐंशी साली, ऐन सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. गावाला कारण शोधायला कुठे जावं लागलं नाही. दारात जमलेल्या बातमीदारांना व्हर्डेलने स्वतःच सांगितलं, "मी त्याला शपथ घातली. मला माझा नवरा घरी हवाय."

बस्स, त्या दिवसापासून ती 'मालगाडी थांबवणारी बाई' झाली. चर्चमध्ये तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. पावाच्या दुकानात तिला नेमका कालचा पाव मिळू लागला. हे सगळं तिने सोसलं, पण पोटच्या पोराचं मौन... ते मात्र तिच्या अंतःकरणात शल्यासारखं रुतून बसलं. थॅडियसला शाळेत पोरं चिडवायची, "तुझ्या आईने तुझ्या बापाचं मांजर केलं." तो मोठा झाला, क्लीव्हलंडला गेला, पन्नाशीला आला. वर्षातून एकदा रॉस्कोचे जुने चाहते चर्चमध्ये त्याच्या सन्मानाचं जेवण ठेवत, तेवढ्यापुरता तो यायचा. बापाचा हात हातात घेऊन बसायचा आणि आईशी "हो", "नाही" आणि "मीठ दे" एवढंच बोलायचा.

आजचं जेवण रद्द करता आलं असतं. ताप आलाय म्हणून सांगायचं, संपलं. पण वर्षातली ही एकच दुपार अशी होती, की आपण कोण आहोत हे रॉस्कोला कळायचं, कारण दोनशे माणसं त्याला ते एकसुरात सांगायची... ते सुख ती त्याच्यापासून कसं हिरावून घेणार?

भीती होती ती जेवणानंतर दर वर्षी त्याला विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाची. आठवडाभर ती त्याच्याकडून उत्तर घोटवून घेत होती. आताही गाडी चालवता चालवता तिने विचारलं, "त्या क्षणी तुझ्या मनात काय होतं?"

"म्हटलं, आज जेवायला काय आहे?"

"शाब्बास. परत सांग."

"आज जेवायला काय आहे," रॉस्को म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "पण खरंच, काय आहे?"

चर्चच्या तळघरात तळलेल्या कोंबडीचा आणि मक्याच्या पावाचा वास भरून राहिला होता. थॅडियस आधीच आला होता. "मम्मा," असं छताला म्हणून तो बापाच्या शेजारी बसला. बापाने त्याच्याशी अदबीने हस्तांदोलन केलं. त्याने मुलाला ओळखलं नाही हे व्हर्डेलला कळलं, पण थॅडियसला ती थट्टा वाटली. डॅडी पूर्वीपासूनच थट्टेखोर.

जेवणं झाली आणि ओबेदाया ग्रिग्ज उठला. हा कारखान्यातला जुना क्रेनवाला आणि चाहत्यांच्या मंडळाचा तहहयात अध्यक्ष. त्याने टेबलावर मिठाच्या कुप्या मांडल्या. त्या म्हणजे विरुद्ध संघ. मिरपुडीची उंच कुपी म्हणजे रॉस्को. दर वर्षी तो ती शेवटची, चिखलातली धाव अशी करून दाखवी. प्रत्यक्षात रॉस्कोने त्या दिवशी चार माणसं पाठीवर ओढत नेली होती. गेल्या वर्षी ती आठ होती, आज नऊ झाली. मैदानात एका संघाचे अकराच असतात, त्यामुळे आणखी दोन वर्षांनंतर काय करायचं, हा मंडळापुढे गंभीर प्रश्नच होता.

"एक लोंबतोय मानेला. दोघं कमरेला. हा दाताने चावतोय..."

"चावला नव्हता कुणी, ओबेदाया," मागून एक म्हातारा म्हणाला.

"तू बसला होतास खांबामागे. तुला काय दिसणार?"

मिरपूड टेबलाच्या कडेला पोचली. सगळ्यांचे डोळे भरून आले. ओबेदायाने भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट केलं. रेषा ओलांडून रॉस्को उभा आहे, शिरस्त्राण काढलेलं, चेंडू हातात, नजर दूर कुठेतरी... भोवती सारं मैदान बेभान, आणि हा एकटा शांत.

"हा बघा राजा," ओबेदाया म्हणाला. "मालगाडी, सांग रे बाबा. त्या क्षणी तुझ्या मनात काय होतं?"

व्हर्डेलने टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा घट्ट धरला. तिचे ओठ आपसूक हलले... आज जेवायला काय आहे...

रॉस्को फोटोकडे बघत राहिला. मग तेच निर्मळ हसू त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि तिला कळून चुकलं.

"हा माणूस हरवलाय," तो म्हणाला.

लोक खदखदून हसले. यंदा नवा विनोद.

"नाही, खरंच. डोक्यावर मार बसून बसून त्याला कळत नाहीये, हे गाव कुठलं. आता तो पंचाला विचारणार आहे, मी कोणाच्या बाजूने खेळतोय."

हसू थोडं ओसरलं. "रॉस्को," ती कुजबुजली, "जेवायला काय..."

"थांब गं, मी सांगतोय ना." तो सावकाश बोलत होता, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसा. "घरी पण हिनेच आणलं. दारात आमचं पोर उभं होतं, पाच वर्षांचं. मला त्याचं नाव आठवेना. मी नुसतं 'ए' म्हटलं. मग मला फार भीती वाटली. एवढी कधी वाटली नव्हती. हिच्या पायाशी बसून रडलो मी. म्हटलं, तू थांबवलंस म्हणून सांग. मालगाडी घाबरली हे गावाला कळलं, तर सोमवारी ही माणसं कामावर कशाच्या जोरावर जातील?"



रॉस्को शेजारच्या माणसाकडे वळला. त्याचा हात त्याने मायेने थोपटला. "साहेब, तुम्ही भले दिसता म्हणून सांगतो. माझ्या मुलाला यातलं कळू देऊ नका. तो बिचारा आईवर रागावून असतो. असू दे. तिला सोसतं. त्याला नाही सोसायचं."

थॅडियसने बापाच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. "नाही सांगणार, सर," तो म्हणाला.

व्हर्डेल उठून उभी राहिली. पाच फुटांची ती म्हातारी नवऱ्याच्या आणि त्या दोनशे माणसांच्या मधोमध अशी उभी राहिली, की जणू आता सगळे त्याच्या अंगावर धावून येणार... आणि आले तर ती एकटी त्यांना अडवणार. पंचेचाळीस वर्षं जिवापाड जपलेलं त्याचं नाव आज तिच्या डोळ्यांदेखत... तिला समोरचं काही दिसेना.

कुणीतरी मागून तिचे खांदे धरले.

"मम्मा, बस."

"त्यांना सांग, हा आजारी आहे. काहीतरी बरळतोय. तू सांग, तुझं ऐकतील..."

"मला तो दिवस आठवतो, मम्मा. त्याने मला 'ए' म्हटलं होतं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं." पन्नास वर्षांच्या त्या माणसाने आईच्या डोक्यावर हनुवटी टेकली. "आणि मी तुलाच..."

"तू लहान होतास."

"पंचेचाळीस वर्षं कोणी लहान असतं का गं?"

तिला रडू फुटलं. त्या वेळी दारातल्या बातमीदारांपुढे गिळलेलं, चर्चमधल्या दोन रिकाम्या खुर्च्यांच्या मधे गिळलेलं, सारं एकदम वाहू लागलं. आणि समोर, एकेक करून, म्हातारे उठत होते. कुणी गुडघे धरून, कुणी काठी टेकून. कुणीही धावून आलं नाही. रॉस्कोकडे बघताना त्यांच्या डोळ्यांतला आदर एका गुंजेनेही कमी झाला नव्हता. फक्त पहिल्यांदाच ते त्याच्या शेजारच्या बाईकडेही बघत होते.

ओबेदाया ग्रिग्जने टोपी काढली. खाकरला. पुन्हा खाकरला.

"सिस्टर पेटीवे," चर्चमधल्या रीतीप्रमाणे तो व्हर्डेलला म्हणाला, "या गावाने तुम्हाला जी वागणूक दिली, तिच्याबद्दल अध्यक्ष या नात्याने मला आज चार शब्द बोलायचे आहेत. माझी तयारी नाही, त्यामुळे थोडं लांबेल. तर, सन एकोणीसशे एकोणऐंशी..."

सगळं तळघर श्वास रोखून ऐकू लागलं. तेवढ्यात कुणीतरी व्हर्डेलची बाही हळूच ओढली.

"व्हर्डेल," रॉस्को तिच्या कानाशी म्हणाला, "याचं संपेपर्यंत मला धीर निघायचा नाही. जरा बाथरूमला नेतेस का?"