रिकामं जातं

ही गोष्ट खोटी वाटली तर वणीला आमच्या घरी या. माझ्या नवऱ्याचा डावा हात बघा, मग बोला.

गेल्या फेब्रुवारीतली भर दुपार. आमच्या तालुक्यात एक पांढरं टेकाड आहे. फार पूर्वी तिथे गाव नांदत होतं. खोदकामात निघालेल्या वस्तू शेजारच्या छोट्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. मी, नवरा अतुल आणि सासूबाई रुखमाबाई, असे तिघे गेलो होतो. अतुल कोळशाचा ट्रक चालवतो. सुट्टीच्या दिवशी त्याच्या अंगात मस्ती येते.

कोपऱ्यात दगडी जातं होतं. वर पाटी... हात लावू नये.

झालं! आमच्या साहेबांनी व्हिडिओ काढायला उजव्या हातात मोबाइल धरला आणि डाव्या हाताने जातं फिरवायला घेतलं.

"रिकामं जातं फिरवू नाई, बापू!" सासूबाई ओरडल्या. "घास मागते ते."

"मंग घाल ना त्याले जवारी," तो हसला.

घर्र...

घर्र...

बाहेरची पाखरं एकदम गप्प झाली. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना.

"आई... हात सुटून नाई राह्यला! समोरून कोनीतरी ओढून राह्यलं मले!"

समोर कोणीच नव्हतं.

जातं जोरात फिरू लागलं. अतुल तोंडावर आपटला. ओठ फाटला, दात उडाला. मी त्याला कमरेला धरून ओढत होते, रडत होते. मग त्याची बोटं दोन दगडांच्या फटीत गेली...

हाडं वाजली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

सासूबाईंच्या पदरात वाटेत खुडलेले हरभऱ्याचे घाटे होते. त्यांनी मूठभर जात्याच्या तोंडात कोंबले.

जातं जागीच थांबलं.

चौकीदार उकंडा धावत आला. आम्ही वरचा दगड उचलला. खाली रक्त नव्हतं. अतुलची दोन बोटंही नव्हती.

त्याच्या मनगटावर मात्र वळ उठले होते... बाईच्या हाताएवढे.

आमच्या घरी जातं नाही. तरी तेव्हापासून रोज दुपारी घरघर ऐकू येते. सासूबाई फरशीवर मूठभर ज्वारी ठेवतात. संध्याकाळी तिथे पीठ असतं.

परवा आम्ही दोघी दारव्ह्याला लग्नाला गेलो. ज्वारी ठेवायचं काम अतुलवर सोपवलं होतं. त्याला झोप लागली.

परतलो तर तो दारात बसला होता. डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला.

फरशीवर पीठ होतंच... ओलं, लाल.

आता ज्वारीचा डबा मी नजरेआड होऊ देत नाही. अतुल उजवा हात काखेत दाबून बसलेला असतो.