चौसष्ट बारांच्या पुढे

माझं काम कंटाळवाणं आहे आणि मला ते तसंच आवडतं. लोक जुने सिक्वेन्सर घेऊन येतात. कीबोर्डवर वाजवलेलं गाणं साठवून ठेवणारी ही मशिनं. आता त्यांची बटणं चिकटतात, पडदे पुसट होतात. आतली गाणी मी मिडी फाइल करून बाहेर काढतो आणि कॉम्प्युटरवर चढवतो, कारण मिडी फाइल कुठल्याही मशिनला कळते. गिऱ्हाईक हटकून विचारतं, "आवाज तोच येईल ना?" आणि मी हटकून वैतागतो. अहो, फाइलमध्ये आवाज नसतोच! कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच यादी असते. आवाज मागे राहतो, बोटं तेवढी पुढे जातात.

चार महिन्यांपूर्वी दादा गेला. माझा सख्खा थोरला भाऊ, लोकांच्या गाण्यांना साज चढवायचा. शेवटी शेवटी वहिनींसाठी एक गाणं बांधायला घेतलं होतं आणि त्याचा शेवट अडला होता. "संध्याकाळी ये, दोघं बसू," असा त्याचा फोन आला. मी "येतो" म्हणालो आणि गेलो नाही. काम होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी वहिनी त्याचा सिक्वेन्सर चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. टेबलावर ठेवताना त्यांनी तो अगदी हळू टेकवला.

"भाऊजी, ह्याचा पडदा विझत चाललाय. ते गाणं तेवढं वाचवा. मला दुसरं काही नको."

पडद्याच्या दोनच ओळी शिल्लक होत्या. एक ट्रॅक, चौसष्ट बार. बार म्हणजे चार मात्रांचं एक घर. दादाचं गाणं चौसष्ट घरं चालून थांबलं होतं. मी फ्लॉपी घातली, फाइल केली, कॉम्प्युटरवर उघडली. मग सवयीने हात चालले. गिऱ्हाइकाला देण्याआधी मी फाइल नीटनेटकी करतो. मागेपुढे पडलेले सूर तालात बसवायचे, जोर सगळीकडे सारखा करायचा. इथेही तेच केलं आणि ऐकवलं.

वहिनींनी निम्म्यातच मान हलवली. "हे त्यांचं नाही."

"अहो वहिनी, एक सूर इकडचा तिकडे केलेला नाही."

"लंगडत नाही हे."

मी चपापलो. दादाच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी दारात चेंगरलं होतं. दार मी आपटलं होतं. ते बोट जन्मभर हलकं पडायचं. बाकीचे सूर नव्वदच्या जोराचे, तर त्या बोटाचा जेमतेम चाळीस. आणि मी शहाण्याने ते सगळं इस्त्री करून टाकलं होतं. फार लाज वाटली.

मूळ गाणं मशिनमध्ये शाबूत होतं. पुन्हा फाइल केली. या वेळी कशालाही हात लावला नाही.

अडुसष्ट बार आले.

मशिनचा पडदा चौसष्टच दाखवत होता. जुन्या फ्लॉपीवर काहीतरी उरलं असेल म्हणून पाकिटातली कोरी फ्लॉपी काढली आणि परत फाइल केली. बहात्तर.

मला भुताखेतांचं वावडं आहे. मशिनच्या पोटातला कचरा फाइलमध्ये येतो, ते मी पाहिलेलं आहे. वाढलेले बार उघडून ओळ न् ओळ वाचली. कचऱ्याला चाल नसते, याला होती. डाव्या हाताच्या त्या बोटाचे सूर आले की आकडे उतरत होते. एकेचाळीस. एकोणचाळीस. बेचाळीस.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. गाणं जरा... पुढे गेलंय."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मग थांबू नका."

पडद्याची एकच ओळ उरली होती. चौथ्या फाइलला शहात्तर बार आले. त्यात दादाने खालचे सूर सोडून दिले होते. लहानपणी आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर बसायचो. तेव्हा मला जागा करून द्यायला तो असाच वरच्या पट्ट्यांकडे सरकायचा.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं. "वहिनी, आज राहू दे. मशिन बंद पडेल."

"पडू दे. मला शेवट हवाय."

पाचव्यांदा बटण दाबलं. फ्लॉपी बराच वेळ घरघरत राहिली. पडदा विझला.

ऐंशी बार.

मी ऐकवलं. वर दादाचे दोन्ही हात होते. खाली तिसरा.

जड हात. प्रत्येक मात्रेला केसभर उशिरा पडणारा. त्या उशिरापायी मी जन्मभर दादाची बोलणी खाल्ली होती. "अरे गाढवा, ताल काय तुझी वाट बघत थांबणारे?"

टेबलावर कुठलाही कीबोर्ड जोडलेला नव्हता. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. "आलात शेवटी, भाऊजी," त्या पुटपुटल्या.

गाणं संपलं. खालचा एक सूर वाजतच राहिला.

मी यादी पाहिली. प्रत्येक पट्टीच्या दोन ओळी असतात, दाबली आणि सोडली. दादाच्या सगळ्या होत्या. माझ्या शेवटच्या पट्टीपुढे फक्त 'दाबली' होतं. त्याखाली काही नव्हतं.

स्पीकर बंद केला. पेनड्राइव्हवर फाइल घालून दिली आणि वहिनींना रिक्षात बसवलं. मशिन परत लागलं नाही.

काल त्यांचा फोन आला.

"भाऊजी, गाणं लेकीच्या कॉम्प्युटरवर घेतलं. आणखी चार बार आलेत. दोघांचे."

"माझी ती पट्टी... सुटली का?"

"नाही. पण खरं सांगू? या वेळी तुम्ही जरासुद्धा मागे पडला नाहीत. अगदी त्यांच्या बरोबरीने आहात."

चार महिन्यांत पहिल्यांदाच वहिनींचा आवाज आनंदी वाटला.