अठ्ठ्याऐंशी

अर्जुनी मोरगावच्या एका दवाखान्यात शालीकराम कंपाउंडर होता. मिक्श्चर ढवळायचं, पुड्या बांधायच्या, रोग्याच्या काखेत थर्मामीटर लावून पारा वाचायचा, हे त्याचं काम. आकडा वाचण्यात तो कधी चुकत नसे. पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर नवेगावच्या डोंगराकडून आलेल्या एका बांबूतोड्याने त्याला एक पाल दिली. भिंतीवरची नव्हे, वीतभर लांब, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, मुळ्यासारखी जाड शेपटी आणि डोळ्यांना माणसासारख्या पापण्या. अशी पाल दिसली की विषारी म्हणून लोक तिला दगडाने ठेचत. शालीकरामने ती घरी नेली.

औषधाच्या रिकाम्या खोक्याला त्याने पुढून काच बसवली. आत वाळू, एक चपटा दगड आणि काचेला टेकवून हवेची उष्णता मोजायचं थर्मामीटर. खोक्याच्या बुडाला पत्रा ठोकला आणि पत्र्याखाली कंदील ठेवला. पंधरा दिवसांत त्याला तिचं गणित कळलं. पारा ऐंशी अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की ती समोर टाकलेल्या नाकतोड्याकडे बघतही नसे. पंच्याण्णवच्या वर गेला की तोंड उघडून धापा टाकी. बरोबर अठ्ठ्याऐंशीला तिचं पोट हळूहळू वर-खाली होई आणि पापण्या मिटत. ते बघत शालीकराम तासन्‌तास बसे.

मग पौषाची थंडी पडली. कंदील पुरेना. बाहेरच्या खोलीत त्याचा बाप, चैतराम, दोन वर्षांपासून लकव्याने पडून होता. त्याच्या खाटेखाली शेगडी असे. एके दिवशी शालीकरामने ती उचलली.

"शेगडी कुठी नेऊन राहिलास?" बापाने विचारलं.

"खोक्याजवळ."

"मले थंडी वाजते रे."

"गोधडी आहे ना, बाबूजी."

त्याची बायको प्रेमिला स्वयंपाकाच्या दारात उभी होती. "बापाले सोडून पालीले शेकता? काऊन जी?"

"नाही शेकलं तं ते मरून जाईन," तो म्हणाला. त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं. तरी प्रेमिलाचं तोंड बंद राहावं म्हणून त्याने खोकं आणि शेगडी दोन्ही बापाच्या उशाशी आणून ठेवली. दोघांनाही ऊब मिळेल, असं तो म्हणाला.

तिसऱ्या सकाळी शेगडी विझलेली होती. राख थंड. खोक्यातला पारा अठ्ठ्याऐंशीवर.

वाळूने ऊब धरून ठेवली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने निखारे घातलेच नाहीत. पारा अठ्ठ्याऐंशीवर. त्याने दवाखान्यातून तसलंच दुसरं थर्मामीटर आणून पहिल्याशेजारी लावलं. अंगणात अठ्ठेचाळीस होते आणि खोक्यात दोन्ही पारे एका रेषेत, अठ्ठ्याऐंशीवर. पाल दगडावर पापण्या मिटून पडली होती. तिची शेपटी अधिकच भरली होती.

चैतरामने थंडीची तक्रार करणं सोडलं होतं.

"बाबूजीच्या अंगाले हात लावून पाहा," प्रेमिला म्हणाली.

त्याने बापाच्या काखेत ताप बघायचं थर्मामीटर लावलं. पाच मिनिटं धरलं. पारा जागचा हलला नाही. झटकून स्वतःच्या काखेत लावलं, तर अठ्ठ्याण्णव. मग त्याने खोक्यातलं थर्मामीटर काढून बापाच्या काखेत दाबून धरलं.

एकाहत्तर.

इतक्या थंड अंगाचं माणूस जिवंत नसतं, हे तो जाणून होता. आणि चैतराम चमच्याने पेज पीत होता. ओठ निळे, पण डोळे जागे. खळ्यावरचे धान चुरून झाले का, असं विचारत होता.

शालीकरामने खोकं उचलून गोठ्यात नेलं. दिवस मावळायच्या आत चैतरामने दोनदा पेज मागितली. त्याच्या गालावर रंग आला, काखेत पारा शहाण्णववर गेला. गोठ्यात खोक्यातले आकडे पन्नाशीत घसरले आणि पाल लाकडासारखी ताठ झाली.

"आता तिथंच राहू द्या ते," प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा वाटला.

सकाळी आंघोळ करून शालीकराम गोठ्यात गेला. ऊन स्वच्छ पडलं होतं. तो बराच वेळ काचेपुढे उकिडवा बसला. मग खोकं छातीशी धरून घरात आला.

चैतरामने ते दारातच पाहिलं.

"नोको आणू रे, शालीक." त्याचा चांगला हात खाटेवरून पुढे आला. "पाया पडतो तुह्या."

चैतराम जन्मात कुणाच्या पाया पडला नव्हता. याच बापाने एकदा सांडलेल्या दुधापायी नऊ वर्षांच्या शालीकला पौषातल्या पहाटे तलावात गळाभर पाण्यात उभं केलं होतं. पण ते शालीकरामला त्या घडीला आठवलंही नाही. त्याला फक्त अठ्ठ्याऐंशी हवे होते.

त्याने खोकं उशाशी ठेवलं. थर्मामीटर नीट सरळ केलं.

"आकडा पाहू द्या, बाबूजी."

प्रेमिला त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही. दोनदा तिने खोकं उचललं, दोनदा त्याने तिचं मनगट पिरगाळून ते परत ठेवलं.

पाचव्या दिवशी, न्याहारीच्या वेळी, चैतराम गेला. तासाभरात पारा साठावर आला.

माणसं जमली. चुलतभाऊ टिकाराम तिरडी बांधू लागला. शालीकरामने सगळ्यांकडे पाठ करून पाल काढली, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळली आणि बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. चितेजवळ तिला ऊब मिळेल, असा त्याचा हिशेब होता. थंडीचं निमित्त सांगून त्याने बंडी अंगातून काढली नाही.

तलावाच्या काठी धावड्याची कोरडी लाकडं रचली होती. त्याने अग्नी दिला. ज्वाळा पुरुषभर उठल्या.

काकडलेली माणसं पुढे सरकली. त्यांनी तळवे आगीकडे केले. मग आणखी पुढे सरकली.

टिकारामने हात जवळजवळ ज्वाळेत घातला.

"या आगीले ऊब काऊन नाही?"

सगळ्यांचे दात वाजत होते.

फ्लॅनेलमध्ये काहीतरी हललं. शालीकरामच्या छातीला आधी ऊब लागली, मग चटका. त्याने बंडीवर हात दाबून धरला.

"शालीक, तुले घाम कायले येऊन राहिला?"

तो चितेकडे बघत राहिला.

लाकडं जळून खाली बसत होती. ज्वाळांच्या मधोमध बापाच्या छातीवर झेंडूची माळ होती. तिची एक पाकळीही काळी पडली नव्हती. तिच्यावर सकाळचं दव अजून तसंच होतं.