दरवाज्यातले दोघे

आकाराम ही गोष्ट कंदील बारीक केल्यावरच पोरांना सांगायचा. रंगूबाई त्याची सख्खी चुलती, त्यामुळे खोटं म्हणायची सोय नव्हती.

सेहेचाळीस साल. श्रावणातला शेवटचा सोमवार. रंगूबाईचा नवरा नाथाजी ब्रह्मदेशाच्या लढाईतून जिवंत परतला, म्हणून सासरे हंबीरराव बोललेला नारळ फोडायला निघाले. समुद्रातल्या किल्ल्यावरच्या देवळात. पूर्वज तिथं किल्लेदार होता म्हणे. पुरावा काय, तर हंबीररावांच्या मिशा. मलकापूरच्या रहिमानची गुळाची लॉरी पहाटे घाट उतरून कोकणात जायची. तिच्यात तिघं बसले. दिवसभर पाऊस.

ओहोटीला किल्ल्यापर्यंत वाळूतून चालत जाता येई. भरती लागायच्या आत परत या, एवढं रहिमाननं बजावलं होतं. पण म्हातारा प्रत्येक बुरुजापाशी थांबून तोंडानं लढाई लढायचा. शेवटी नाथाजी म्हणाला, "आबा, खरी लढाई मी बघून आलोय. चला आता."

बापाला उलट बोलला. हंबीरराव तडक निघाले, आणि वाळूत अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, देवळात छत्री राहिली, जा, घेऊन ये. पाणी घोट्याला लागलेलं. तरी धाडला. लेकापेक्षा छत्री महाग.

रंगूबाई तिथंच थांबली. सासरे काठाला पोचले. पावसात किल्ल्याचा दरवाजा तेवढा काळा दिसत होता. दरवाज्यात दोन माणसं उभी. दोघांच्या डोक्यावर पोत्याची खोळ. उंची एक. दोघंही तिच्याकडंच बघत होती...

नाव घेऊन हाक मारली असती तर प्रश्नच नव्हता. पण नवऱ्याचं नाव? आणि काठावर सासरा ऐकत असताना? पाणी पोटऱ्यांना आलं. ती ओरडली, "आवं... चला की."

एक आला.

दुसरा हात वर करून तिथंच राहिला. मग पाण्यानं वाट बुजवली.

आलेल्याच्या हातात छत्री नव्हती. म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं. छत्रीचं विचारलंच नाही.

घरी तो बोलेना. राबायचा, जेवायचा, सांगितलेलं ऐकायचा. गाव म्हणालं, लढाईनं बिघडला. हंबीरराव मात्र खूश. असला लेक त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

कार्तिकातली अवस. तो पानावर बसला होता. रंगूबाईला राहवेना. चुलीपुढं बसून तिनं पहिल्यांदा नाव घेतलं.

"नाथाजी."

पानावरच्यानं मान वर केली नाही.

दाराबाहेरून आवाज आला. "रंगू... दार उघड."

नवऱ्याचा आवाज. ती उठली. कडीला हात लावला. अंधारात सोप्यावरनं हंबीरराव हळूच म्हणाले, "काढू नगंस, सूनबाई. जो हाय त्यो बरा हाय."

हात तिथंच राहिला.

बाहेर... काही नाही.

पानावरचा जेवतच होता.

उजाडल्यावर तिनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर, काळ्या मातीवर, एक माणूस रात्रभर बसून राहावा एवढ्या जागेत समुद्राची वाळू. ओली.