सोळा सोमवारांनंतर

"वाढू नकोस!" कुसुमताईंनी ताट असं ढकललं, की वाटीतली आमटी सुनेच्या, प्रियदर्शिनीच्या, पायांवर सांडली... आणि त्यांच्या सोळा सोमवारांच्या उद्यापनासाठी हैदराबादेत, कुकटपल्लीच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये जमलेल्या वीस माणसांचे घास हातातच राहिले!

घडलं होतं एवढंच, की लेकानं, शिवराजनं, छाती फुगवून सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "आमची आई आता चातुर्मासभर एकभुक्त राहणार!"

तिला न विचारता.

सोमवार महादेवाचा.
गुरुवार दत्ताचा.
शनिवार मारुतीचा.
मंगळवारी भूक नव्हती. बुधवारीही...

दोन वर्षं कुसुमताईंचं हेच!

"आई, काय तमाशा लावलायस? लोकांसमोर परेशान नक्को करू," शिवराज दबक्या आवाजात म्हणाला.

"लोकांसमोरच बघ!" कुसुमताईंनी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं आणि तोंड उघडलं. वर दोन सुळे. बाकी नुसत्या हिरड्या. "कवळी ढिली होऊन ट्रंकेत पडलीय. भाकरी चावत नाही रे मला! प्रियदर्शिनी साडेसहाला कंपनीच्या बसला पळते, तिला दोन-दोन स्वयंपाक कशाला, म्हणून मी देव पुढे केले... त्यांच्या नावावर कपभर दुधावर दिवस काढले, आणि तू मला साध्वी करून मिरवतोस?"

"अय्यो, म्हणून बांगड्या कोपरापर्यंत जातात होय!" शेजारच्या शोभाताई पुटपुटल्या.

"मग सांगायचं होतंस..." शिवराज म्हणाला.

"कवळी बदलून दे म्हणून सांगितलं होतं. 'या वयात नखरे?' म्हणालास. मी एकदाच सांगते, शिवराज!"

"आणि मला?" प्रियदर्शिनीचा आवाज फुटला, पायांवरची आमटीसुद्धा तिनं पुसली नव्हती. "मला का नाही सांगितलंत, आई? मी कोण, परकी? ऑफिसभर सांगत फिरले मी, माझ्या सासूबाई किती धार्मिक म्हणून... लाज वाटते हो मला!"

ती तरातरा आत गेली, वाडग्यात गरम आमटी घेऊन आली, पाहुण्यांकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि भाकरी रागारागानं कुस्करू लागली, अगदी पिठासारखी मऊ होईपर्यंत. वर तूप ओतलं. "खा!"

कुसुमताईंनी खाल्लं. डोळ्यांतून धारा वाहत होत्या, पण कपाळावरची आठी काही मोडली नाही. वाडगं रिकामं झालं. प्रियदर्शिनीनं पुन्हा भाकरी उचलली, तसा त्यांनी तिचा हात धरला आणि वाडगं मान खाली घालून बसलेल्या लेकापुढे आदळलं.

"आता तू कुस्कर."